सोसायटी ग्रुप: टाकी, हापसा आणि पाटी

बी-२०४: वरची टाकी पुन्हा वाहतेय. पाऊण तास झाला. आणि कालच इथे "पाणी देवाचं, आपण फक्त कारभारी" म्हणून वर्गणीचा मेसेज 🙏

सेक्रेटरी: मोटर बंद केली. ग्रुपवर लिहून ती बंद होत नाही, खाली येऊन बटण दाबावं लागतं.

सी-३०१: फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर बंद करणारा तरंगता स्विच) चांगला आहे. त्याची वायर इनलेट पाइपला अडकते, फ्लोट उलटत नाही, मोटर चालूच राहते. वायर पाइपपासून लांब बांधा. मागेही लिहिलं होतं.

ए-१०२: टाकीचं नंतर. प्रार्थना गटाची वर्गणी वस्तीवरच्या नव्या बोअर-हापशासाठी आहे. पाटीवर आम्ही बायबलमधलं मत्तय १०:४२ घालतोय. कोणाची नावं टाकायची तेवढं कळवा.

सी-३०१: जुना हापसा का बंद आहे ते बघितलं का?

बी-४०३: अहो, ते गार पाण्याच्या पेल्याचं वचन आहे, प्लंबिंगचं नाही.

सी-३०१: काकू, पेला भरायला हापसा चालावा लागतो. सलग धार येईपर्यंत हापसा, मग अर्धा तास थांबा. परत पाणी यायला पाचपेक्षा जास्त वेळा हापसावं लागलं, तर खालचा फूट व्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) किंवा पाइपचा सांधा गळतोय. पाणी लगेच येतं पण ४० वेळा हापसून १० लिटरही भरत नाही, तर बहुतेक पिस्टनचे वॉशर झिजलेत. यातल्या कशालाही नवा बोअर लागत नाही.

डी-१०१: आमच्या बाथरूमच्या नळाचीही हीच टेस्ट घ्या 😂

ए-१०२: वॉशरएवढंच होतं तर आजवर कोणी बदलला कसा नाही?

सी-३०१: इंडिया मार्क २ जातीच्या हापशाचा ३२ मिमी पाइप, खाली ज्यात पिस्टन चालतो त्या सिलिंडरपेक्षा अरुंद असतो. पिस्टन त्यातून वर येत नाही, म्हणून एका वॉशरसाठी सगळे पाइप उपसायचे. सिलिंडर ३० मीटरवर असेल तर ३ मीटरचे १० पाइप, क्लॅम्प, तिपाई, चार-पाच माणसं. क्लॅम्प सुटला की पाइपांसकट सगळं बोअरमध्ये. मार्क ३ चा पाइप रुंद, नुसते दांडे ओढले की पिस्टन हातात.

ई-२०२: मार्क २ चा मूळ नमुना सोलापूरचा, मिशनच्या बोअरच्या कामातून आलेला. त्यावरून १९७० च्या दशकात मार्क २ घडला. त्याआधीचे ओतीव लोखंडी पंप एका घरापुरते. गावभर वापरले की मोडायचे.

बी-४०३: सर, मग पाटी सोलापूरचीच लावा!

ए-१०२: सगळ्यांना चेष्टाच सुचतेय. नवं, खोल पाणी शुद्ध तरी असतं.

सी-३०१: असतंच असं नाही. खडकातून फ्लोराइड उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. ते क्लोरीनने जात नाही, आणि उकळलं तर पाणी आटून आणखी दाट होतं. आधी तपासणी, मग पाटी. आणि जुना हापसा का बंद आहे?

डी-१०१: हे दुसऱ्यांदा.

बी-४०३: यहेज्केल ३४:१८ वाचा सगळ्यांनी. स्वच्छ पाणी पिऊन उरलेलं पायांनी गढूळ करणारी मेंढरं. पार्किंगमध्ये आत्ता तेच चाललंय.

सी-३०१: हापशाच्या ओट्यालाही लागू, काकू. ओट्याला तडा गेला आणि नाली नसली की सांडपाणी मुरून केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या) कडेने बोअरमध्येच उतरतं. वर्गणीतून ओटा, शोषखड्डा, वॉशर-व्हॉल्व्हचा एक जादा संच, आणि पाइप उपसायची हत्यारं वस्तीवरच्याच दोघा-तिघांच्या हाती. बायकाही असू देत, रोज हापसतात त्यांनाच बिघाड आधी कळतो.

ए-१०२: हत्यारांवर नावं कोरणार का मग?

ई-२०२: नावांशिवाय दिलं तरी चालतं हो.

ए-१०२: बरं. बोअरवाल्याला थांबवते. आधी ते ४० वेळा हापसून बघू.

सेक्रेटरी: वायर बांधायला माणूस गच्चीवर आलाय. "लांब" म्हणजे किती?

सी-३०१: फ्लोट कुठेही न घासता पूर्ण उलटेल इतकं. हाताने उचलून मोटर बंद होते का बघा, मग माणसाला खाली सोडा.