प्रिंटर 'लावला' म्हणजे नेमकं काय केलं?

दुकानातल्या नव्या मुलासाठी भिंतीवर चिकटवायला एक कागद लिहायला घेतलाय आणि पहिल्याच ओळीला अडकलोय. आमचं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान. डेस्कटॉप एकच, पण त्याच्यामागे लटांबर मोठं: दोन प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, दुसरा मॉनिटर, बॅकअपची हार्डडिस्क, शिवाय बिनवायरचे माऊस आणि कीबोर्ड. गेल्या आठवड्यात मी बाहेरगावी होतो. फोनवर झालेला संवाद:

"प्रिंटर लावलास का?"
"लावलाय काका."
"मग प्रिंट का येत नाही?"
"काय माहीत. हिरवा दिवा तर लागलाय."

वीस मिनिटांनी उलगडा झाला. मी विचारत होतो, वायर सीपीयूला लावलीस का. त्याने प्रिंटरचं बटण लावलं होतं. मराठी दोघांचंही बरोबर!

तर प्रश्न दोन. या सगळ्या लटांबराला मिळून काय म्हणावं? आणि 'लावणे'च्या जागी काय लिहावं, म्हणजे पुन्हा असा घोळ होणार नाही?

प्रतिसाद १

पुस्तकी शब्द 'परिधीय उपकरणे'. परिधी म्हणजे घेर. शाळेत वर्तुळाचा आपण 'परीघ' काढायचो, म्हणून कुणी 'परिघीय' करायला जाईल; पण संस्कृतात 'परिघ' म्हणजे दाराचा अडसर, लोखंडी दांडा. शिवाय मला ही कल्पनाच पटत नाही. कीबोर्ड, माऊस, मॉनिटर माझ्या नाकासमोर आणि सीपीयूचा डबा टेबलाखाली पायाशी. परिघावर कोण आहे?

प्रतिसाद २

जोडधंदा, जोडरस्ता, तसं 'जोडसाधन' करा. मुख्य काम एकाचं, बाकीचे त्याला जोडून. पण भिंतीवरच्या कागदाला 'लटांबर' चालेल की! मुलगा विसरणार नाही.

प्रतिसाद ३

'लावणे'वर राग काढू नका, फार कामाचं क्रियापद आहे. कुकर लावला म्हटलं की त्यात तांदूळ धुणं, पाणी, झाकण, शिट्टी, गॅस सगळं आलं. रेडिओ लावला, कुलूप लावलं, रोप लावलं. प्रत्येक ठिकाणी हाताची कृती वेगळी, पण नंतर आपोआप काहीतरी चालू होतं किंवा टिकून राहतं. तुमच्या मुलाने प्रिंटर कुकरसारखा लावला, तुम्ही कुलपासारखा लावायला सांगत होतात.

वायरीपुरतं 'खोचणे' लिहा. पदर खोचतात, अंबाड्यात फूल खोचतात, तशी पिन खोचायची. 'खुपसणे' नको, त्यात सुरा दिसतो. आणि खोचल्यावर ती 'बसली' पाहिजे. जुन्या चपट्या यूएसबीची पिन आधी उलटी, मग सुलटी, मग पुन्हा उलटी करून एकदाची बसते, हे प्रत्येकाने केलंय. २०१४ साली आलेल्या टाइप-सी पिनेने तो छळ संपवला.

प्रतिसाद ४

मला यात वेगळीच गंमत दिसते. वस्तू लागली, पण चालत नाही, तेव्हा आपण काय म्हणतो ते बघा. "पेनड्राइव्ह घेत नाही." "स्कॅनर घेत नाहीये." पण "ब्लूटूथ पकडत नाही", "वायफाय पकडत नाही". वायरीचं किंवा खोचायचं असेल तर मशीन ते 'घेतं' किंवा घेत नाही, जसं पोर औषध घेत नाही. हवेतून येणारं असेल तर 'पकडतं'. रेडिओवर स्टेशन पकडायचो, मग मोबाइलने रेंज पकडली, ती सवय पुढे आली. "पेनड्राइव्ह पकडत नाही" अजून चालून जातं, पण "वायफाय घेत नाही" ऐकताना कानाला खटकतं. हा भेद कुणी शिकवलेला नाही, आपसूक पडलाय. माझ्या मते 'वायर्ड-वायरलेस'चा खरा मराठी अनुवाद हाच. नामात शोधत बसू नका, क्रियापदात आहे.

प्रतिसाद ५

वा! पण नामाबद्दल एक भर. 'बिनतारी' शब्द आहेच, पोलिसांच्या बिनतारी संदेशामुळे रुळलेला. तरी 'बिनतारी माऊस' कुणी म्हणत नाही, कारण 'तार' म्हणजे एक तर कुंपणाची, नाही तर पोस्टातली. आणि पोस्टातली तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आपण 'बिनवायरचा' म्हणतो, बिनसाखरेच्या चहासारखं. आता उलटं व्हायला लागलंय. पूर्वी माऊस म्हणजे माऊस. आज दुकानदार विचारतो, "वायरवाला देऊ?"

मूळ लेखक

'घेणे-पकडणे' एकदम पटलं. आता माझी अडचण ऐका. आमचा माऊस पकडतो, पण अडखळतो. बाण मध्येच थांबतो आणि उडी मारून पुढे जातो. त्याचा सिग्नल घेणारं ते नखाएवढं डोंगल सीपीयूच्या मागे खोचलंय, मुलगा त्याला 'चमकी' म्हणतो. नाकातल्या चमकीएवढंच आहे, आणि हरवलं तर शोधायलाही तसंच.

डोंगलवरून आठवलं. पूर्वी मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरबरोबर डोंगल यायचं, प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावायचं. आम्ही त्याला 'लॉक' म्हणायचो. ते काढलं की सॉफ्टवेअर ठप्प. रात्री दुकान बंद करताना लॉक खिशात. तेव्हा डोंगल म्हणजे कुलूप होतं, आता बाहेर लोंबणारं काहीही बारीकसारीक डोंगलच.

प्रतिसाद ६

चमकीच्या शेजारी हार्डडिस्क खोचलीय का? निळ्या जिभेच्या पोर्टात?

मूळ लेखक

हो, अगदी खेटून. तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद ६

निळी जीभ म्हणजे यूएसबी ३. त्याचं काम सुरू झालं की पोर्टातून आणि वायरीतून रेडिओलहरींचा जो गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. तुमचा माऊस नेमका तिथेच बोलतो, ब्लूटूथही तिथेच. बँड वाजत असताना कुजबूज ऐकण्यासारखं. चमकी पुढच्या पोर्टात आणा किंवा हातभर एक्स्टेंशन वायर लावून टेबलावर घ्या.

आणि स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम एकाच साध्या हबला (एका पोर्टाची अनेक करणाऱ्या डबीला) असतील तर तेही सोडवा. कागदावर एका यूएसबीच्या मुळाशी १२७ वस्तू लागू शकतात, पण यूएसबी २ चं पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअरच देतं, आणि साध्या हबवर तेवढ्यातच सगळ्यांची पंगत. मग एखादा उपाशी राहतो आणि आपण म्हणतो "घेत नाही". स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

प्रतिसाद ३

'पेअर' राहिलं, म्हणजे ब्लूटूथच्या दोन वस्तू पहिल्यांदा एकमेकींना जोडणं. 'जुळवणे' सुचवणार होतो, पण डीटीपीवाल्यांकडे ते आधीच अक्षरजुळणीत गुंतलंय, आणि बाकीच्यांकडे पत्रिकेत. 'ओळख करून देणे' कसं वाटतं? ब्लूटूथमध्ये ओळख एकदाच करून द्यायची, नंतर नुसती हाक. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं नाव त्याला मिळालं तेही माणसं एकत्र आणल्याबद्दलच. त्याचं 'नीलदंत' मात्र कृपा करून करू नका.

प्रतिसाद ७

मुख्य भांडण कुणी काढलंच नाही. यूएसबी तो, ती की ते? आमच्या घरी तिन्ही आहेत.

प्रतिसाद ४

वायर असेल तर ती, पोर्ट असेल तर ते, आणि नवऱ्याने हरवलेला पेनड्राइव्ह असेल तर तो.

मूळ लेखक

चमकी टेबलावर घेतली, माऊस सुतासारखा सरळ आला. कागदही चिकटवला:

लटांबर चालत नसेल तर
१. आधी बटण. दिवा लागला का?
२. घेत नसेल: पिन काढून परत खोचणे. नीट बसली का?
३. तरी घेत नसेल: हबमधून काढून थेट सीपीयूला.
४. पकडत नसेल: माऊस-कीबोर्डचा सेल बदलणे. मग चमकी बघणे.
५. ब्लूटूथवाला पकडत नसेल: जुनी ओळख पुसून नवी करून देणे.

मुलाने वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "काका, मोठा प्रिंटर उद्या वायफायवर टाकला तर तो दोन नंबरमध्ये की चारमध्ये?"

मी म्हटलं, चारमध्ये. तो म्हणाला, "पण कागद तर घेतच नाही ना तो."