‘ब्लाइंड टेस्टिंग’साठी मराठी शब्द हवा: अंध, आंधळी की झाकली?

मांडवीकाठ:
पणजीच्या मळा भागात राहतो. घराजवळच्या एका लहान रेस्टॉरंटने गेल्या शनिवारी जेवणासोबत ब्लाइंड वाइन टेस्टिंग, म्हणजे बाटलीवरचं नाव झाकून वाइनची चव घ्यायचा कार्यक्रम, ठेवलं होतं. मालकांशी घरोबा आहे. येणाऱ्यांत फोंडा-डिचोलीकडची मराठी वाचणारी मंडळी बरीच होती, म्हणून निमंत्रणाचं कार्ड मराठीतही करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी लिहून दिलं: ‘अंध मद्यचाचणी व सहभोजन’.

छापून आल्यावर सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, ‘जेवायला बोलावून पोलीस नळीत फुंकायला लावणार का?’ ‘मद्यचाचणी’ हा शब्द पेपरात त्याच अर्थाने येतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्याहून जास्त लागलं ते प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी. माझ्या टेबलावर मार्दोळच्या एक निवृत्त संगीत शिक्षिका होत्या. त्यांना दिसत नाही. मुलीने कार्ड वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, ‘अंध म्हणजे हे आमच्यासाठी ठेवलंय का?’ रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायला. मला उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळ मात्र फार छान झाली. सहा बाटल्या, प्रत्येकीवर कापडी पिशवी, गळ्याला दोरी आणि नंबर. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्याबरोबर पहिली, रेशाद मसाला भरलेल्या बांगड्याबरोबर दुसरी, असं करत शागुतीच्या रश्श्यापर्यंत पाच. तिसरी काळ्या काचेच्या पेल्यात दिली, रंगही कळू नये म्हणून. आम्ही सगळे छातीठोकपणे ‘रेड’ म्हणालो. पिशवी काढली तर नाशिकची शेनिन ब्लाँ, म्हणजे व्हाइट! ती व्हाइट आहे असं त्या बाईंनी एकटीनेच सांगितलं होतं. शेवटी बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाबरोबर गोड, जड पोर्ट वाइन. ती मात्र सर्वांनी ओळखली.

पुढचं जेवण जूनमध्ये आहे आणि कार्ड नव्याने करायचंय. ‘ब्लाइंड’साठी काय लिहू? आणि हो, ‘ड्राय’साठीही सुचवा.

शुद्धमती:
‘अंध’ लिहिण्यात चूक काहीच नाही. अंधश्रद्धा, अंधविश्वास, अंधानुकरण हे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांत कोणाचा अपमान नसतो. चूक ‘चाचणी’त आहे. आणि ‘वाइन’ कशाला? द्राक्षासव म्हणा. आयुर्वेदात आसव आणि अरिष्ट असे दोन प्रकार आहेत. काढा करून आंबवलं की अरिष्ट, न उकळता आंबवलं की आसव. वाइनमध्ये रस उकळत नाहीत, म्हणजे ते आसवच. ‘अंध आसवास्वाद’ हा माझा प्रस्ताव.

नाशिककर:
द्राक्षासव म्हटलं की आमच्याकडे लोकांना औषधाच्या दुकानातली, जेवणानंतर दोन चमचे घ्यायची बाटली आठवते. दिंडोरीकडे वायनरीत काम करणाऱ्या आमच्या गाववाल्यांना विचारा, ते ‘टेस्टिंग’ म्हणतात. ‘आज टेस्टिंगला पाहुणे आहेत.’ झालं. शब्द वापरणाऱ्यांचा असतो.

आणि ‘मद्य’ तर नकोच. २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर भांडणं झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो शब्दांचा खेळ नव्हता, द्राक्षाच्या भावाचा प्रश्न होता.

सांगेकर:
‘दारू’ शब्दाला उगाच बदनाम करतात. फारसीत दारू म्हणजे औषध. म्हणजे शुद्धमतींच्या आसवाशी तो नात्यातलाच निघाला.

शुद्धमती:
फारसीत काय अर्थ होता त्यावर मराठीतला अर्थ ठरत नाही. मराठीत दारूने तोफाही उडवल्या.

औषधनिर्माता:
अंधश्रद्धेचं उदाहरण उलटं पडतंय, हे कोणाच्या लक्षात आलं का? अंधश्रद्धा, अंधविश्वास, अंधानुकरण या तिन्हींत ‘अंध’ म्हणजे विचार न करता. या टेस्टिंगमध्ये लेबल आणि किंमत बाजूला काढतात ते विचार नीट करता यावा म्हणून. ‘अंध’ लावलं की मराठी वाचकाच्या मनात नेमका विरुद्ध अर्थ उभा राहतो.

आमच्या क्षेत्रात ‘दुहेरी अंध चाचणी’ रूढ आहे. खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती, हे तिथे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. वाइनवाल्यांचं सिंगल-डबल निराळं. सिंगल ब्लाइंडमध्ये आज कोणत्या वाइन आहेत ते माहीत असतं, कुठली कुठल्या पेल्यात ते नसतं; डबलमध्ये काहीच माहीत नसतं. म्हणून आमचा शब्द उचलून तिकडे नेला तर अर्थाचा घोटाळा होईल.

काळ्या पेल्याविषयी: फ्रान्सात बोर्दो इथे केलेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. व्हाइट वाइनला बिनवासाचा लाल रंग दिला, तेव्हा वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला शब्द पुरवत होता. तुमच्या टेबलावरच्या बाईंना तो अडथळाच नव्हता.

कुळागर:
लहानपणीची आंधळी कोशिंबीर विसरलात? ज्याच्यावर राज्य आलंय त्याच्या डोळ्यांवर पट्टी, बाकीचे भोवती फिरणार, त्याने हात लावून ओळखायचं. हेच तर आहे! आणि कोशिंबीर खायचीही वस्तू. ‘आंधळी कोशिंबीर: वाइन आणि जेवण’, मला तर हे नाव फार आवडेल.

सांगेकर:
कोशिंबीर हा शब्द कोथिंबिरीवरून आलाय, असं माझे आजोबा सांगायचे. खेळात सगळी मुलं एकत्र मिसळतात म्हणून कोशिंबीर.

शुद्धमती:
कोथिंबीर संस्कृत कुस्तुंबरीवरून आली, एवढं पक्कं. खेळाच्या नावाची ही उपपत्ती ऐकायला गोड आहे, पण तिला आधार दाखवा.

सांगेकर:
आजोबा हाच माझा आधार. ते उगाच काहीतरी बोलणारे गृहस्थ नव्हते, प्रत्येक शब्द तोलून बोलायचे.

भाटीवाला:
मी सत्तरी तालुक्यातला. वडिलांची काजूची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, होती. बोंडू तुडवून काढलेला रस आंबवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा भाणात (गाळायच्या हंड्यात) घालून फेणी. वडील बाटली हलवून फेस किती वेळ टिकतो ते न्याहाळायचे, मग थेंबभर जिभेवर. फेणी हे नावच फेसावरून, असं आमच्याकडे सगळे मानतात. ग्राव, म्हणजे दारूचा कडकपणा, मोजायची काचेची नळी घरात होती, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

सांगायचं ते वेगळंच. वडील मला पेला देताना म्हणायचे, ‘चव बघ.’ तुम्हीही म्हणता. आई आमटीचा डाव पुढे करून म्हणते, ‘मीठ बघ गं.’ चव बघतात, वास बघतात, ताप आहे का ते हात लावून बघतात, पेटी वाजवून बघतात. मराठीत बघायला डोळेच लागतात असं नाही. मग त्या बाईंना अंध म्हणणारं कार्ड आपल्या भाषेलाच धरून नव्हतं. टेबलावर बसलेले सगळे चव बघतच होते. झाकलेली होती ती बाटली.

मांडवीकाठ:
भाटीवाले, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पहिला पेला हातात घेताना त्या बाई ‘बघू तरी’ असंच म्हणाल्या होत्या. माझ्या ते कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

तिसवाडी:
पोर्तुगीजमध्ये ‘प्रोव्हा सेगा’ म्हणतात. प्रोव्हा म्हणजे चव घेणं, सेगा म्हणजे आंधळी. म्हणजे अडचण तीच. भाटीवाल्यांचं पटलं: आंधळेपण चाखणाऱ्याला न चिकटवता झाकणं बाटलीला चिकटवावं. ‘झाकली मूठ’ आपल्याकडे आहेच. ‘झाकली चाखणी’ म्हणा.

पॅरिसला १९७६ साली २४ मेला जी गाजलेली टेस्टिंग झाली, तिथेही हेच घडलं. नऊ फ्रेंच परीक्षक, लेबलं झाकलेली, आणि रेड-व्हाइट दोन्हींत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली. त्या परीक्षकांचे डोळे उघडेच होते, पेल्यातला रंग त्यांना दिसत होता. लपवलं होतं ते नाव.

नाशिककर:
‘चाखणी’ वाचून लोक चखणा समजतील. शेंगदाणे आणि शेव.

शुद्धमती:
चखणा हिंदीतून आलेला, चाखणे हे मराठी क्रियापद. एका आगंतुक शब्दाच्या भीतीने घरच्या क्रियापदाला का हाकलायचं? ‘झाकली चाखणी’ला माझा विरोध नाही, पण ‘झाकली’ विशेषण चाखणीला लागतंय. झाकली आहे बाटली. व्याकरण जुळत नाही.

कुळागर:
आंधळ्या कोशिंबिरीत कोशिंबीर तरी कुठे आंधळी असते?

नाशिककर:
‘ड्राय’वर कोणी बोललंच नाही. आमच्याकडे मराठी माहितीपत्रकात ‘कोरडी वाइन’ छापतात आणि मला दर वेळी खुपतं. पाहुणे समजतात की तोंड कोरडं पडतं ती कोरडी. ते काम द्राक्षाच्या सालीबियांतून उतरणाऱ्या टॅनिनचं, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘तुरट’ हा सोन्यासारखा शब्द आहे. सहा रसांतला कषाय तोच. सुपारी किंवा कच्चं केळं खाल्लेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ड्राय म्हणजे फक्त साखर उरलेली नाही. रसातली साखर आंबताना संपली, एवढंच. मी ‘अगोड’ म्हणतो.

सांगेकर:
‘चहा अगोड झालाय’ ही तक्रार असते. साखर घालायची राहून गेली असा त्याचा भाव. चांगल्या वाइनला अगोड म्हणणं म्हणजे स्वयंपाक्याला बोल लावणं.

नाशिककर:
बिनसाखरेचा चहा पिणारे आता घरोघरी आहेत. त्यांना अगोडच आवडतो. भाव बदलतो.

औषधनिर्माता:
‘बिनगोडाची’ कशी वाटते?

शुद्धमती:
वाइनच्या कार्डावर पथ्याचा तक्ता वाटेल.

तिसवाडी:
कार्डावर ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ असं लिहिलंय का? असेल तर ते आधी खोडा. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात खोली ३० अंशांच्या वर असते. तेवढ्या गरम रेड वाइनमध्ये मद्यार्काचा वास तेवढा वर येतो, बाकी काही लागत नाही. गोव्याच्या मराठीत ‘किंचित गार’ लिहा. शब्दाला शब्द ठेवला आणि वाइन वाया गेली, असं मी एका लग्नात अनुभवलंय. शागुती उत्तम होती, पेल्यात मात्र कोमट औषध.

मांडवीकाठ:
लिहिलं होतं. खोडतो. शुक्रवारी छापखान्यात द्यायचंय. सध्या वर मोठ्या अक्षरांत ‘बाटली झाकून, चव बघून’ आणि खाली ‘सहा वाइन, सहा पदार्थ’ एवढंच ठेवलंय. मालकांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांना आवडलं. त्या बाईंनाही फोन करून वाचून दाखवणार आहे. त्यांनी नको म्हटलं तर बदलेन.

एक राहिलं. प्रत्येक टेबलावर चव घेऊन थुंकायला भांडं ठेवतात. मी ‘थुंकण्याचे भांडे’ लिहिलं होतं आणि जेवणाच्या कार्डावर ते वाचवत नाही.

कुळागर:
पिकदाणी.

शुद्धमती:
पीक पानाची. वाइनची कुठली पीक? ‘तस्त’ हा जुना, भारदस्त शब्द आहे, तो वापरा.

तिसवाडी:
पोर्तुगीज ‘कुश्पिदोर’. इंग्रजीनेही हाच शब्द उचलला. आमच्या जुन्या घराच्या साल्यात (दिवाणखान्यात) चिनी मातीचा होता, आजोबांच्या खुर्चीशेजारी.

भाटीवाला:
आमच्याकडे तस्त म्हणजे पंगतीनंतर पाहुण्यांनी जागेवरच हात धुवायचं पितळी भांडं. माझ्या आईच्या माहेराहून आलेलं अजून माळ्यावर आहे. त्यात कोणी थुंकलं तर ती जेवणावरून उठेल.

शुद्धमती:
हात धुताना चूळही त्यातच भरत होते की नाही, ते आईंना विचारून सांगा.