मदत हवी आहे : वेल्समधल्या लॅम्फी गावातला बिशपचा वाडा, मासळीच्या तळ्यांचे बांध कसे शोधावेत?

मंडळी, पेम्ब्रोकशायरमधल्या लॅम्फीत सेंट डेव्हिड्सच्या बिशपांच्या वाड्याचे अवशेष आहेत. हेन्री डी गावरचं (बिशप, 1328 ते 1347) लांबलचक दालन कठड्याखालच्या कमानींच्या रांगेवरून लगेच ओळखू येतं. 1546 नंतर वाडा डेव्हरू घराण्याकडे गेला आणि त्यांनी खोल्या, धुराडी बदलली. त्यामुळे प्रत्येक चूल बिशपांचीच समजू नये.

बिशपांच्या जमिनींची नोंद 'ब्लॅक बुक'मध्ये आहे, पण ती 1326 ची, म्हणजे गावरच्या आधीची. तिच्यातलं वर्णन त्याच्या दालनाला चिकटवणं ही नेहमीची चूक. लॅटिन मजकूर 1902 मध्ये भाषांतरासह छापला गेलाय, त्यामुळे वाचनाची अडचण नाही.

अडलंय ते तळ्यांपाशी. लायडारच्या (विमानातून लेझरनं मोजलेल्या) उंचीनकाशावर 315 अंशांचा, म्हणजे वायव्येकडून, एकच कृत्रिम प्रकाश टाकला की वायव्य-आग्नेय धावणारे बांध सावलीच न पडल्यानं गायब होतात. म्हणून 0, 45, 90 आणि 135 अंशांच्या सावल्या वेगळ्या काढून पाहिल्या. तरी जुना बांध आणि शेताची नंतरची मेर सारखीच दिसते. जुना सर्व्हे नकाशा त्यावर बसवताना चर्चच्या मनोऱ्याचे कोपरे धरलेत. कुंपणं सरकतात, ती नकोतच.

कुणी क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) आडवे छेद काढून बांध आणि मेर वेगळे केलेत का? छेद किती मीटरवर घ्यावेत? संरक्षित स्मारक असल्यानं खणणं किंवा मेटल डिटेक्टर सुचवू नका, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.