मदत हवी आहे: मराठी सबटायटल्स मधूनच उडी मारतात (मडगाव)

निकोलस रोगचा १९७६ चा ‘द मॅन हू फेल टू अर्थ’ दाखवायचाय. परग्रहावरून आलेला एकटा न्यूटन म्हणजे डेव्हिड बोवी. प्रत पूर्ण, १३९ मिनिटांची, सेकंदाला २४ फ्रेम्स. मराठी एसआरटी (सबटायटलची फाइल) मात्र २५ फ्रेम्सवर बेतलेली, म्हणून दर तासाला २ मिनिटं २४ सेकंद ओळी आधी येतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये जी-एच या कळा दाबून भागत नाही, त्यांनी सगळ्या ओळी एकाच ठरावीक अंतराने सरकतात. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये २५ चे २४ केले, सुरुवात चोख बसली. मग एकदम उडी! फाइल बहुतेक अमेरिकेत वीसेक मिनिटं कापून लावलेल्या आवृत्तीची असावी.

पूर्ण प्रतीशी जुळणारी इंग्रजी फाइल आहे. तिच्या आधारे पॉइंट सिंक (काही ओळींच्या वेळा जुळवून बाकीच्या त्यानुसार बसवणं) केलं तर प्रत्येक कापाच्या आधी आणि नंतर एकेक बिंदू पुरतो का? गाळलेल्या दृश्यांचं भाषांतर वेगळं करावं लागेलच म्हणा.

दुसरं: पडदा १२ फूट रुंद, सोळास नऊचा. चित्र २.३५:१, म्हणजे उंची जेमतेम पाच फूट, वर-खाली दहा-दहा इंच काळी पट्टी. खुर्च्या सपाट जमिनीवर. खालच्या पट्टीतल्या ओळी पुढच्यांच्या डोक्यांआड जाणार. ओळी चित्रातच वर घ्याव्यात की पडदा उचलावा? पणजी-फोंड्याकडे कुणी असे खेळ लावले असतील तर सांगा.