फिरणं, खाणं आणि पुस्तकं यांतून फ्रेंच : सोलापुरात बसून कसं जमवायचं?

नवीपेठ_नवशिका :
ए-वनचं, म्हणजे फ्रेंचच्या पहिल्या पातळीचं, पुस्तक संपत आलंय. क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, पण तोंडातून वाक्य निघत नाही. आता पुन्हा घोकंपट्टी नको. फिरणं, स्वयंपाक, वाचन यांच्या आधारे पुढे जायचंय. डिसेंबरात पुद्दुचेरीला जायचं चाललंय. घरी शाकाहार, अंडं चालतं. 'ल पती प्रँस' (छोटा राजकुमार) मागवलं, पण पहिल्याच पानावर गाडी अडली. सुरुवात कुठून करू?

भुईकोट :
हे पुस्तक नवशिक्यांच्या हातात का देतात, देव जाणे. 1943 चं, पातळ, चित्रांचं, सगळं खरं. पण त्याचं निवेदन बरंचसं पासे सँप्लमध्ये आहे. हा भूतकाळ बोलण्यात नसतो आणि ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्यांना शिकवतही नाहीत. रूपं इतकी बदलतात की मूळ क्रियापद माहीत नसेल तर शब्दकोशातही हाती लागत नाही. तूर्त कपाटात ठेवा.

त्याऐवजी झाक प्रेव्हेरची 'देझने द्यू मातँ' ही कविता घ्या. कप, कॉफी, दूध, साखर, चमचा असा साधा ऐवज, आणि जवळजवळ सगळी पासे काँपोझेमध्ये, म्हणजे बोलण्यातल्या भूतकाळात. आधी हाताने उतरवून काढा. मग प्रत्येक 'इल'च्या (तो) जागी 'एल' (ती) घालून पुन्हा लिहा. हा काळ 'आव्हुआर' किंवा 'एत्र' या सहाय्यक क्रियापदाने बनतो. 'आव्हुआर'वाली रूपं तशीच राहतील. निघून जाणं, उठणं ही 'एत्र'वाली मात्र 'तो गेला, ती गेली'सारखी बदलतील, म्हणजे लिहिताना शेवटी एक 'ई' वाढेल. उच्चारात फरक नाही, म्हणून श्रुतलेखनात नेमकी हीच चूक होते.

मराठी माणूस दुसऱ्या ठिकाणीही घसरतो. 'मी पोळी खाल्ली'त क्रियापद पोळीमागे जातं. फ्रेंचमध्ये 'आव्हुआर' असताना कर्म आधी आलं तरच जुळवणी होते, नंतर आलं तर नाही.

पुढे ए-टूच्या शेवटाला 'ल पती निकोला'. त्यापुढच्या बी-वन पातळीला काम्यूची 1942 ची कादंबरी 'लेत्रांझे' : वाक्यं तोकडी, काळ बहुतेक पासे काँपोझेच.

कडक_भाकरी :
स्वयंपाकातून पार्टिटिव्ह आर्टिकल, म्हणजे 'थोडं पीठ, थोडं मीठ' अशा न मोजलेल्या वस्तूंआधी येणारा शब्द, पक्कं होतं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली गालेत, म्हणजे पातळ धिरडं, करा. ती बकव्हीटची, म्हणजे आपल्या उपवासाच्या कुट्टूच्या पिठाची. 250 ग्रॅम पीठ, चमचाभर मीठ, अर्धा लिटरच्या थोडं वर पाणी. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात. निम्मं घालून घोटा, मग उरलेलं. दोन तास झाकून ठेवा. बिडाचा तवा चांगला तापू द्या, अर्ध्या कांद्याने तेल पुसा. कुट्टूत ग्लुटेन नसतं, त्यामुळे तवा कोमट असेल तर उलटताना फाटणारच. कडा सुटल्याशिवाय उलथनं लावू नका.

भाषेचं काम असं : सामान काढताना 'द ला फारिन' (पीठ), 'द्यू सेल' (मीठ), 'द लो' (पाणी) म्हणा. मोजताना आर्टिकल गळून नुसतं 'द' उरतं : '250 ग्राम द फारिन'. नकारातही तसंच, 'पा द सेल' (मीठ नाही). कृती फ्रेंचमध्येच वाचा. आझुते (घाला), मेलांझे (मिसळा), व्हेर्से (ओता) ही 'व्हू'ची (तुम्ही) आज्ञार्थी रूपं आपोआप बसतात. अंड्याच्या फ्रेंच शब्दाकडे लक्ष ठेवा : एकवचनात शेवटचा 'फ' ऐकू येतो, अनेकवचनात नाही.

सातरस्ता :
पुद्दुचेरीला जा, पण अपेक्षा बेताची ठेवा. दुकानात, रिक्षात तमिळ आणि इंग्रजीच चालते. फ्रेंच भेटते ती भिंतींवर : रू द्युमा, रू स्युफ्राँ, रू रोमँ रोलाँ अशा रस्त्यांच्या ('रू' म्हणजे रस्ता) निळ्या पाट्या, खाली तमिळ. प्रदेशाचा प्रत्यक्ष ताबा 1 नोव्हेंबर 1954 ला फ्रान्सकडून भारताकडे आला, कायदेशीर हस्तांतर 16 ऑगस्ट 1962 ला. या तारखा फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणा, साल सांगताना जीभ अडखळते ती तिथेच. मुंबई-चेन्नई गाड्या सोलापूरवरून जातात. चेन्नईहून पुढे बसने साधारण दीडशे किलोमीटर.

त्याआधी इथेच सराव करा. पार्क चौकातून सिद्धेश्वर मंदिरापर्यंतची वाट 'तू द्रुआ' (सरळ), 'आ गोश' (डावीकडे), 'आँ फास द' (च्या समोर) वापरून सांगा. त्याच वाटेवर चाळीस शब्दांचं पोस्टकार्ड लिहा. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत ए-वनच्या लेखी भागात एक फॉर्म आणि असाच छोटा मजकूर असतो. चार भाग, प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 हवेत आणि कुठल्याच भागात 5 च्या खाली चालत नाही.

नवीपेठ_नवशिका :
कविता उतरवायला घेते. हॉटेलात शाकाहारी कसं मागायचं?

कडक_भाकरी :
फ्रान्सच्या हिशेबाने सांगते. नुसतं 'साँ व्हियाँद' (मांसाशिवाय) म्हणालात तर मासा, नाहीतर डुकराच्या मांसाचे बारके तुकडे, म्हणजे 'लार्दाँ', ताटात येऊ शकतात. 'साँ व्हियाँद, साँ पुआसाँ (माशाशिवाय), साँ लार्दाँ' असं फोड करून सांगा. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या स्टॉकमध्ये असतं, आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनचं. तिथे 'मन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीचं जेवण. पदार्थांची यादी हवी तर 'ला कार्त' मागा. पाण्यासाठी 'यून काराफ दो' (पाण्याचा एक जग) म्हणा, नळाचं फुकट मिळतं. आणि आत शिरताच आधी 'बाँझूर' (नमस्कार). ते न म्हणता थेट मागणी केली तर वेटरचा चेहरा तुम्हालाच बघावा लागेल.