थायलंडमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी जाण्यापूर्वी

प्रश्न: मी नाशिकची असून बी.ए. नंतर केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला आहे. बँकॉकमधील एक संस्था पर्यटक व्हिसावर येऊन लगेच रुजू व्हा, कागदपत्रे नंतर करू, असे सांगते. ते मान्य करावे का?

उत्तर १: ताई, कृपया मान्य करू नका. पर्यटक व्हिसावर शिकवणे तेथे बेकायदेशीर आहे. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा (नोकरीसाठीचा व्हिसा) आणि त्यानंतर कामाचा परवाना मिळाल्याशिवाय वर्गात उभे राहिलात, तर दंड आणि हद्दपारी तुमच्या वाट्याला येऊ शकते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडे शाळा बहुधा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेतील किमान ६०० गुण मागतात, म्हणून ती येथेच देऊन ठेवा.

उत्तर २: पदवीच्या साक्षांकनाला वेळ लागतो, तेव्हा ते काम आधी हाती घ्या. सेल्टाच्या १२० तासांत प्रत्यक्ष अध्यापन केवळ सहा तासांचे आणि तेही प्रौढांसमोर असते, तर तेथील शाळांत चाळीस-पन्नास मुलांचे वर्ग असतात. मला पहिला महिना फार जड गेला. जाण्यापूर्वी जवळच्या एखाद्या शाळेत काही आठवडे शिकवून पाहा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. त्या संस्थेला आजच नकार कळवते.