मुलांना बोलायच्या रीती कशा शिकवल्या?

पेठकरीण:
काल मेट्रोत एक आजोबा नातीच्या हातात फोन देताना हळूच म्हणाले, "आधी आपलं नाव सांग, मग विचार, आत्ता वेळ आहे का." आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातला काळा फोन आठवला. अख्ख्या वाड्याचा पीपी नंबर तोच, म्हणजे सगळ्यांचे फोन त्यावरच यायचे. "थांबा हं, बोलावते" म्हणून रिसीव्हर आडवा ठेवायचा, आपटायचा नाही. वरच्या काकू बोलायला आल्या की आम्ही पोरं ओट्यावर. नंतर "कोणाचा होता?" विचारायचं नाही. बाबांनी हे कधी बसवून शिकवलं नाही, ते स्वतःच उठून बाहेर जायचे. आता ज्याचा त्याचा फोन, मुलांना हे दिसणार कुठे? तुम्ही काय करता, लिहा ना.

दोन पिल्लांची आई:
कुकर लावलाय, घाईत लिहिते. मध्ये बोलायचं असेल तर माझ्या मनगटावर हात ठेवायचा. मी त्यावर माझा हात ठेवते, म्हणजे कळलं, थांब. पण मग लवकर वळायचं हं त्याच्याकडे! चार वर्षांच्या पोराला दहा मिनिटं ताटकळत ठेवणं अन्याय आहे.

सहकारनगरची आजी:
नातू बंगळुरूला, तीन वर्षांचा. फोनवर "जेवलास का" विचारलं की नुसती मान हलवतो. पलीकडच्याला दिसत नाही हे त्या वयात कळतच नाही, रागावू नका कुणी. मी म्हणते, "मान हलवलीस का रे? मग हो म्हण की." तो हो आला की जीव सुखावतो.

अनामिक:
पेठकरीण, वाडा चिमण्या गणपतीजवळचा का?

पेठकरीण:
हो, त्याच बाजूला! आता बिल्डिंग झाली तिथे.

कर्वेनगर:
आधी मोठ्यांनी मुलांचं बोलणं तोडणं बंद करावं. "लहान तोंडी मोठा घास" ऐकत वाढलेली माणसं पुढे ऑफिसातही गप्प बसतात. आमच्याकडे लेकीचं वाक्य तीच पूर्ण करणार, अडखळली तरी. आणि पाहुण्यांपुढे "कविता म्हणून दाखव" बंद.

सहकारनगरची आजी:
पटलं. नमस्कार मात्र राहू दे बाई.

वनाजवाला:
माझा लेक स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, वय ९. २०२२ ला वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली तेव्हापासून तेच वेड. भेटेल त्याला वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, पार रामवाडीपर्यंत. स्पीच थेरपिस्टनी बसवलं: दोन स्टेशनं सांगून झाली की समोरच्याला एक प्रश्न. खिशात कार्ड, आधी तोंडाचं चित्र, मग कानाचं. डोळ्यांत बघ म्हणणं आम्ही सोडलं, बघायला लावलं की त्याचं ऐकण्यातलं लक्षच जातं. परवा वॉचमनकाकांना आपणहून विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" लातूर म्हणाले. "तिथे मेट्रो आहे?" बायको आणि मी जिन्यातच थबकलो.

दोन पिल्लांची आई:
डोळे भरून आले. कार्डाचा फोटो टाकाल? भाचीसाठी हवाय.

वनाजवाला:
संध्याकाळी टाकतो, तो शाळेत घेऊन गेलाय. लॅमिनेट करून घ्या, नाहीतर घामाने मऊ पडतं.